नाव एक, जिन्नस अनेक : शोभेच्या दारूच्या साहित्याचा इतिहास

१९५३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कल्चर या संस्थेने एक छोटेखानी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. इसवी सन १४०० ते १९०० या पाचशे वर्षांतील भारतातील दारूकामाचा इतिहास हा तिचा विषय होता, आणि तिचे लेखक होते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे. हस्तलिखितांच्या धुळीत आयुष्य घालविलेल्या या विद्वानाने कंठाळी विषय क्वचितच निवडले. चणे, ज्वारी, सुपारी, नथ, अत्तरे अशा नित्याच्या वस्तूंची कुळकथा शोधण्यात त्यांना रस होता. तेव्हा दिवाळीच्या चंद्रज्योतीकडे त्यांचे लक्ष गेले नसते तरच नवल. १४४३ मध्ये विजयनगरास आलेला इराणी वकील अब्दुर रझाक, १५७१ च्या सुमारास पूर्ण झालेले एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर', कोट्याच्या दारूकामाचे वर्णन महादजी शिंद्यांच्या तोंडून सवाई माधवरावांपर्यंत पोहोचविणारी पेशव्यांची बखर, असे कितीतरी साक्षीदार त्यांनी एका जागी आणून बसविले.

परंतु या साक्षीदारांत सर्वांत मोलाचा होता तो 'कौतुकचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव (राज्यकाल १४९७ ते १५४०) याच्या नावावर असलेल्या या ग्रंथात कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, चंपाबाण, पुष्पवर्ती अशी मनोहर नावे धारण करणाऱ्या दारूकामाच्या कृती दिल्या आहेत. गंधक, कोळसा, पोलादाचा कीस, पारा, हिंगूळ, हरताळ, गेरू, बांबूची नळी अशी साहित्याची यादीही आहे. या कृतींचे मूळ चिनी असावे आणि इकडे न मिळणाऱ्या चिनी जिनसांच्या जागी देशी जिनसा घातल्या गेल्या असाव्यात, असा गोड्यांचा तर्क होता. यादीत एक शब्द मात्र अभ्यासकाला थबकविणारा आहे. सोऱ्याच्या जागी तेथे 'यवक्षार' असे लिहिलेले आहे.

यवक्षार म्हणजे जवाच्या काडांची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून मिळणारा क्षार. वैद्यकात त्याला जुने स्थान आहे. आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत तो मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट होय. तो निखाऱ्यावर टाकला तर फुरफुरत नाही, ज्वाला वाढवीत नाही, बाणाला आकाशात नेण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. ज्या सोऱ्यावाचून दारू होत नाही तो पोटॅशियम नायट्रेट. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या 'हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासा'त (पहिला खंड १९०२) या घोटाळ्याकडे लक्ष वेधले होते. प्राचीन संस्कृतात सोऱ्याला स्वतःचे निश्चित नावच नव्हते. 'शोरा' हा शब्द फारसीतून आला, त्याचाच मराठीत 'सोरा' झाला, आणि संस्कृत लिहिणाऱ्यांनी मात्र हाताशी असलेल्या जुन्या क्षारांची नावे या नव्या पदार्थाला चिकटविली. 'शुक्रनीती'तही तोच प्रकार. तेथे दारूच्या कृतीत 'सुवर्चि लवण' येते, आणि त्याच्या आधारे गुस्टाव्ह ओपर्ट यांनी १८८० मध्ये मद्रासेत प्राचीन हिंदूंना तोफेची दारू ठाऊक होती असा मोठा सिद्धांत उभारला. पुढे तो ग्रंथच बराच अर्वाचीन असल्याचे दिसून आल्यावर सिद्धांताचा पाया खचला. ग्रंथाच्या काळाचा वाद येथे बाजूला ठेवू. ज्याला केवळ पोथी वाचून दारूकाम शिकावयाचे आहे, अशा नवशिक्याची या नावांनी काय अवस्था होईल, एवढाच प्रश्न घ्यावा. वैद्याच्या दुकानात जाऊन त्याने यवक्षार मागितला तर त्याला राखेचा क्षार मिळेल आणि त्याचा बाण जागचा हलणार नाही. येथे चूक निरुपद्रवी आहे. ती नेहमीच तशी राहिली नाही.

पोथी लिहिणाऱ्याला ही अडचण जाणवली नसावी, याचे कारण उघड आहे. दारूकाम पोथीवरून कोणी शिकतच नव्हते. ते बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई, आणि त्यातील निम्मे ज्ञान जिनसा पारखण्याचे असे. सोरा निखाऱ्यावर टाकून तो कसा जळतो आणि मागे काय उरते हे पाहावयाचे. जिभेवर ठेवून त्यात मिठाची चव येते का हे पाहावयाचे. पावसाळी हवेत तो ओलावतो का, यावर नजर ठेवावयाची. कोळसा कोणत्या लाकडाचा, हाही असाच पारखीचा विषय. 'शुक्रनीती'त रुई आणि निवडुंगाच्या जातीच्या झाडांचा, धूर बाहेर न जाऊ देता भाजलेला कोळसा सांगितला आहे. ग्रंथ अर्वाचीन असला तरी हा तपशील अनुभवी माणसाचा आहे. हलक्या लाकडाचा कोळसा आणि जड लाकडाचा कोळसा दिसावयास सारखेच काळे. पण दारूत गेल्यावर त्यांचा स्वभाव अगदी निराळा.

सोऱ्याच्या शुद्धतेचा प्रश्न तर साम्राज्यांच्या हिशेबात जाऊन बसला. बिहारमधील गावांच्या जुन्या भिंती, गोठ्यांच्या जमिनी, उकिरड्याजवळची माती येथे उन्हाळ्यात पांढरी लोणी फुलते. नोनिया समाजाची माणसे ती माती खरवडून, पाण्यात निथळवून, लाकडाच्या राखेची जोड देऊन तिच्यातून कच्चा सोरा काढीत. राखेचे कार्य महत्त्वाचे होते. मातीतील नायट्रेट बरेचसे चुन्याचे असते आणि ते हवेतील पाणी ओढून चिकट होते. राखेतील पोटॅश त्याची जागा घेते तेव्हाच कोरडा राहणारा सोरा मिळतो. गमतीची गोष्ट अशी की पोथीतला तो यवक्षार येथे खरोखरच उपयोगी पडला असता. मग पुन्हा उकळणे आणि निववणे. गरम पाण्यात सोरा भरपूर विरघळतो आणि थंड पाण्यात फार थोडा. साध्या मिठाला गरम-थंड जवळजवळ सारखेच. म्हणून निवताना सोऱ्याचे खडे धरतात आणि मीठ पाण्यात मागे राहते. पाटण्याला वखारी घालून बसलेल्या डच आणि इंग्रज कंपन्यांना हे पुरते ठाऊक होते. व्यापारात अशुद्धतेच्या टक्क्याला 'रिफ्रॅक्शन' असा खास शब्द होता आणि मालाचा भाव त्यावर ठरे. नोनियाच्या पदरात काय पडले, याची नोंद मात्र त्या वह्यांत शोधावी लागते.

प्लासीनंतर आणि विशेषतः सप्तवार्षिक युद्धानंतर हा सोरा इंग्रजांच्या मुठीत गेला. फ्रान्सची त्यामुळे कोंडी झाली. पॅरिसच्या दारूखान्यात चांगला सोरा पुरेसा येईना, तेव्हा १७७५ मध्ये सरकारने दारूच्या कारभारासाठी नवे मंडळ नेमले आणि त्यावर एका तरुण रसायनशास्त्रज्ञाला घेतले. आंत्वान लाव्हाझिए हे त्याचे नाव. ज्वलन म्हणजे प्राणवायूशी संयोग, हे ज्याने जगाला शिकविले तो हाच लाव्हाझिए. त्याने सोऱ्याची शुद्धी, परीक्षा आणि पुरवठा यांना शास्त्राची शिस्त लावली आणि फ्रेंच दारू काही वर्षांत युरोपातील उत्तम दारूंत गणली जाऊ लागली. अशा माणसाला दारूच्या साहित्याविषयी नवशिका म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु पुढे जे घडले ते नवशिक्याच्याच चुकीने घडले.

१७८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा सहकारी क्लोद लुई बेर्तोले याने एक नवा क्षार सिद्ध केला. आज आपण त्याला पोटॅशियम क्लोरेट म्हणतो. सोऱ्याप्रमाणेच पांढरा, खडेदार, आणि सोऱ्याप्रमाणेच प्राणवायूचा साठा. तो अधिक सहजतेने प्राणवायू देतो, असे दिसून येताच विचार साहजिकपणे पुढे गेला : दारूतील सोरा काढून त्या जागी हा क्षार घातला तर? कोळसा तोच, गंधक तोच, घोटण्याची रीतही तीच. २७ ऑक्टोबर १७८८ रोजी सकाळी पॅरिसजवळच्या एसोन येथील दारूच्या कारखान्यात हा प्रयोग मांडण्यात आला. लाव्हाझिए, त्याची पत्नी आणि बेर्तोले तिघेही हजर होते. मुसळांखाली मिश्रण घोटले जात असता मंडळी न्याहारीसाठी बाजूला गेली. परतत असतानाच स्फोट झाला. कारखान्याचा संचालक आणि पाहावयास आलेली एक तरुण स्त्री, असे दोघे जण त्यात मृत्युमुखी पडले.

सोरा मोठ्या मनाचा पदार्थ आहे. त्याला वितळण्यापुरती, तीनशे अंशांहून अधिक उष्णता मिळाल्यावाचून तो आपला प्राणवायू सोडावयास तयार होत नाही. म्हणूनच तो गंधक-कोळशाबरोबर घोटण्याची रीत शतकानुशतके चालू शकली. ती धोक्याची होतीच, पण तिचा धोका ओळखीचा होता. क्लोरेटचा स्वभाव तसा नाही. गंधकाच्या सहवासात तो घर्षणाने, आघाताने, कधी कधी तर कोणतेही बाह्य कारण न दिसता पेट घेतो. त्यातही गंधक कोणता, याला महत्त्व आहे. गंधकाची वाफ थंड करून मिळणाऱ्या मऊ भुकटीला 'गंधकाची फुले' म्हणतात. दिसावयास ती दळलेल्या कांडी-गंधकाहून सुंदर, पण तिच्यात आम्लाचा अंश राहतो, आणि आम्लाचा अंश क्लोरेटला पुरेसा असतो. दोन्ही डब्यांवर नाव 'गंधक' असेच. जुन्या कारागिराच्या हातात शुद्धतेची जी पारख होती ती मिठाची, ओलाव्याची, राखेची होती. आम्लाच्या या अदृश्य अंशाची पारख तिच्यात नव्हती, कारण सोऱ्याच्या राज्यात तिची गरजच पडली नव्हती.

तरीही क्लोरेट दारूकामातून गेला नाही. त्याने दारूकामाला रंग दिला. त्यापूर्वीची आतषबाजी मुख्यतः पांढरी आणि सोनेरी होती. लोखंडाचा कीस, कोळशाच्या ठिणग्या आणि पेटत्या गंधकाची निळसर झाक, एवढ्यावर राजेरजवाड्यांचे सोहळे झाले. एकोणिसाव्या शतकात क्लोरेटच्या तीव्र ज्वालेत स्ट्राँशियमचा तांबडा आणि बेरियमचा हिरवा रंग उमलला, आणि लोकांना त्याची अशी ओढ लागली की कारखान्यांतील मृत्यू हा या धंद्याचा कर होऊन बसला. गंधक कृतीत परंपरेने होता, म्हणून तो राहिला. ब्रिटनमध्ये १८७५ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याने तपासनीस नेमले गेले, अपघातांची कारणे लेखी नोंदली जाऊ लागली, आणि त्या नोंदींतूनच १८९४ मध्ये आज्ञा निघाली की फटाक्यांत क्लोरेट आणि गंधक एकत्र करावयाचे नाहीत. पुष्कळ मृत्यूंनंतर मिळालेली ही एका ओळीची अक्कल आहे, आणि म्हणूनच ती मोलाची आहे.

छंद म्हणून दारूकाम करणारा मनुष्य हा या इतिहासातला उशिरा आलेला प्रवासी. इंग्लंडात जॉन बेट याच्या १६३४ च्या पुस्तकात हौशी वाचकांसाठी दारूकामाचे प्रकरण होते, तेव्हा हौस जुनीच. पण संघटित छंदाचे रूप तिला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. अमेरिकेत १९६९ मध्ये 'पायरोटेक्निक्स गिल्ड इंटरनॅशनल' ही हौशी आणि व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. या मंडळींना उस्ताद नव्हता. त्यांचा उस्ताद म्हणजे पुस्तक. जॉर्ज वाइनगार्ट यांचे १९४७ चे 'पायरोटेक्निक्स' आणि टेनी डेव्हिस यांचा १९४० च्या दशकातील दोन खंडांचा ग्रंथ ही हौशी माणसाच्या फळीवरची नित्याची पुस्तके. दोन्ही आदरणीय, दोन्ही आपापल्या काळाची. पण त्यांतील काही कृती अशा काळातून आल्या होत्या की ज्यात क्लोरेट आणि गंधक शेजारी बसविणे सर्वमान्य होते. नवशिका पान उघडतो, कृती छापलेली पाहतो, आणि छापलेले ते खरे असे मानतो. 'कौतुकचिंतामणी'च्या वाचकाचा बाण उडत नव्हता. येथे मात्र हात जात होते.

शिवाय साहित्य मिळे ते बाजारातून, आणि बाजाराला दारूकामाशी कर्तव्य नव्हते. खत म्हणून विकल्या जाणाऱ्या सोऱ्यात खडे धरू नयेत म्हणून इतर द्रव्ये मिसळलेली असत. चिलीचा सोरा म्हणजे सोडियम नायट्रेट, नावाने सोराच. पण तो ओल धरतो आणि सारे रंग त्याच्या पिवळ्या उजेडात बुडवितो. बागेसाठीच्या गंधकात काय काय असेल याची शाश्वती नाही. शेगडीच्या कोळशाच्या वड्यांत माती आणि खळ. ॲल्युमिनियमची भुकटी तर सर्वांत फसवी. तिचा कण किती बारीक यावर ती शांतपणे चमकणार की बाँबसारखी फुटणार हे ठरते, आणि ओलसर नायट्रेटबरोबर ती आपोआप तापूही शकते. जाणत्या हौशी मंडळींनी या सर्वांतून हळूहळू एक नवी शिस्त घडविली : जिन्नस कोणत्या प्रतीचा हे लिहून ठेवणे, जुनी कृती वापरण्यापूर्वी तिच्यातील जोड्या तपासणे, क्लोरेट आणि गंधक यांची भांडीही वेगळी ठेवणे, प्रमाण कणभराचे ठेवणे, आणि जेथे कायदा परवानगी देत नाही तेथे हात न लावणे. हरवलेल्या उस्तादाची जागा भरून काढण्याचीच ही खटपट होती. भारतात तर विनापरवाना घरगुती निर्मितीला कायद्यात थाराच नाही. तेव्हा येथे हौशी मनुष्याची कथा संपते आणि कामगाराची सुरू होते.

तामिळनाडूतील शिवकाशी या कोरड्या, पावसाची आस लावून बसणाऱ्या गावातून १९२३ मध्ये अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोन नातलग आगपेटी करण्याची विद्या शिकण्यासाठी कलकत्त्यास गेले आणि परत येऊन त्यांनी कारखाने काढले. आगपेटीपाठोपाठ फटाके आले. आगपेटीच्या गुलातला मुख्य जिन्नस पोटॅशियम क्लोरेट. म्हणजे गावात क्लोरेट मुबलक, गंधक मुबलक, आणि स्वस्त मजूर त्याहून मुबलक. स्फोटक पदार्थांचा भारतीय कायदा १८८४ चा, म्हणजे ब्रिटिश कायद्याचाच धाकटा भाऊ. १८९४ ची अक्कल मात्र या धाकट्या भावापर्यंत पोहोचावयास फार काळ लागला. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण भारतात केंद्र सरकारच्या अधिसूचनेने निषिद्ध ठरले ते २७ जानेवारी १९९२ रोजी; आगपेटीच्या गुलासारखे थोडे अपवाद तेवढे ठेवले गेले. मधली अठ्ठ्याण्णव वर्षे अज्ञानाची म्हणता येत नाहीत. जे लंडनला ठाऊक होते ते कलकत्त्याच्या आणि नंतर दिल्लीच्या कचेऱ्यांना ठाऊक नसण्याचे कारण नव्हते. क्लोरेटचा माल स्वस्त पडे आणि आवाज मोठा होई, हे त्यामागचे साधे व्यापारी सत्य.

शिवकाशीतला नवशिका कोण होता, हेही नोंदविले पाहिजे. तो अनेकदा लहान मूल होता. त्याच्या हाती वाइनगार्टचे पुस्तक नव्हते आणि 'कौतुकचिंतामणी'ही नव्हता. समोर रंगीत भुकटीची परात, आणि किती नळ्या भरल्या त्यावर मजुरी. तेथील बालमजुरांच्या प्रश्नावर महेशचंद्र मेहता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी निर्णय दिला तेव्हा देशभरच्या बालमजुरीचीच चर्चा झाली. भुकटीत काय आहे हे मुलाला कोणी सांगत होते का, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळच्या मुदलीपट्टी येथील स्फोटात तीसहून अधिक माणसे गेली.

यानंतरचा अध्याय नागपूरशी जोडलेला आहे. स्फोटकांचे परवाने आणि तपासणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय त्या शहरात आहे, आणि राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे नीरीही तेथेच. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी अर्जुन गोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या कारणाने फटाक्यांतील बेरियमच्या क्षारांना मनाई केली, आणि कमी धूर करणाऱ्या फटाक्यांचा पुरस्कार केला. नीरीने अन्य प्रयोगशाळांसह अशा फटाक्यांच्या कृती बसविल्या. त्यांना 'हरित फटाके' असे नाव पडले. दीर्घकाळ आतषबाजीला हिरवा उजेड देणारा जो बेरियम, तो वगळून केलेल्या मालाला 'हरित' म्हणावे, हा भाषेचा एक विनोदच.

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याच खटल्यात न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. केंद्रीय अन्वेषण विभागाने गोळा केलेले नमुने प्रयोगशाळेत तपासले असता त्यांत बेरियम सापडला होता, आणि वेष्टनावर छापलेले घटक व आतले घटक जुळत नव्हते. वर नाव 'हरित' असे होते.